हे काय काढलंय?

परवा आमच्या मोठ्या जाऊबाई घोडेगावहून आल्या होत्या. चहा होईपर्यंत मागच्या पडवीत जाऊन बसल्या. तिथे भिंतीला टेकवून माझं एक चित्र वाळत ठेवलं होतं. वरती करडा रंग, खाली मातकट लाल, मधून पिवळ्याची एक तुटक पट्टी. बस, एवढंच. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, हे काय काढलंयस?"

"काही नाही ताई, रंग आहेत."

"ते दिसतंय मला. पण चित्र कशाचं आहे?"

"कशाचंच नाही."

"मग काढलंस कशाला?"

आता बोला! प्रश्न अगदी रास्त होता. पाच वर्षांपूर्वी मला कुणी असं विचारलं असतं, तर मी ओशाळून चित्र कपाटामागे सरकवलं असतं. परवा मात्र मी हसले आणि म्हटलं, "काढताना बरं वाटतं म्हणून." जाऊबाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि विषय भाचीच्या लग्नावर गेला. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना. कारण तो एकट्या चित्राबद्दलचा नाहीच. आपण बायका जे जे करतो, त्या प्रत्येक गोष्टीला कधी ना कधी हा प्रश्न विचारला जातो. कशाला करतेस? उपयोग काय?

मैत्रिणींनो, मी काही चित्रकार नाही. मंचरला राहणारी साधी गृहिणी. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. वस्तुचित्रात तांब्या आणि वांगं आलं होतं, हे अजून आठवतं. त्या वेळी चित्र चांगलं म्हणजे हुबेहूब, एवढंच आम्हाला ठाऊक. वांगं वांग्यासारखं दिसलं की गुण मिळायचे. पुढे लग्न झालं आणि चित्रकला रांगोळीपुरती उरली. ती सुद्धा ठिपक्यांची, म्हणजे चुकायची भीती नको.

२०२० साली सगळं बंद झालं, तेव्हा लेक पुण्याहून घरी आली. परत जाताना तिचा ॲक्रिलिक रंगांचा डबा इथेच राहिला. एके दुपारी मी तो उघडला. म्हटलं, घोड नदी काढू या. नदी, काठची झाडं, मागे डोंगर. तासभर खपले आणि जे झालं ते बघून मला स्वतःचाच राग आला. झाडं फुलकोबीसारखी आणि नदी डांबरी रस्त्यासारखी! चिडून ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकलं. पूर्ण पुसलं गेलं नाही. निळा, हिरवा, तपकिरी एकमेकांत फरफटत गेले. कागद तसाच टाकून मी स्वयंपाकाला लागले. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता सहज तिकडे लक्ष गेलं आणि हातातला उंडा हातातच राहिला. जून महिन्यात भीमाशंकरकडून ढग येतात, पाऊस पडायच्या आधी सगळं शिवार जसं थबकल्यासारखं होतं ना, अगदी तसं काहीतरी त्या फरफाट्यात होतं. तासभर नदी काढून जे जमलं नव्हतं, ते पुसताना आलं होतं.

याला अमूर्त चित्र म्हणतात, हे मला नंतर कळलं. मूर्त म्हणजे ज्याला आकार आहे, ज्याला नाव देता येतं. अमूर्त चित्रात तांब्या नसतो, वांगं नसतं. फक्त रंग, रेषा, पोत आणि मोकळी जागा. ऐकायला अवघड वाटतं, पण आपल्याला ते अजिबात नवीन नाही. गवई आलाप घेतो तेव्हा आपण "याचा अर्थ काय?" असं विचारतो का? शब्द नसले तरी मन हलतं. सूर ऐकताना जी सवलत आपण देतो, ती रंग बघताना मात्र देत नाही.

आणि खरं सांगू? माझी या विषयातली पहिली गुरू म्हणजे माझ्या सासूबाई. आता त्या नाहीत. त्यांनी कधी ब्रश हातात धरला नाही, पण वाकळ शिवायला बसल्या की बघत राहावं. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे अंगणात मांडायच्या. एक तुकडा उचलायच्या, दुसरा ठेवायच्या, लांब जाऊन बघायच्या. एकदा मी लाल तुकडा कडेला लावला, तर म्हणाल्या, "ह्यो हितं लई वरडतोय. त्याला गप कर, शेजारी काळा लाव." मी काळा लावला आणि लाल खरंच गप बसला. रंग ओरडतो, रंग गप बसतो, हे त्यांना कुठल्या शाळेनं शिकवलं होतं? थंडी भागवायला वाकळ हवी होती हे खरं, पण उबेसाठी तुकडा कुठलाही चालला असता. तो बदलून बदलून बघण्यात जो वेळ जायचा, तो त्यांचा स्वतःचा आनंद होता. त्याचा उपयोग काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण शेवटी अंगावर घ्यायला वाकळ मिळायची. उपयोगाच्या आडोशाला आपल्या आया-सासवांनी किती कला करून घेतली असेल!

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या बायका कापसाच्या शेतात राबणाऱ्या, गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांतल्या. जुन्या कामाच्या कपड्यांच्या, विटलेल्या जीन्सच्या त्या गोधड्या शिवायच्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मोठमोठ्या अमूर्त चित्रकारांच्या तोडीचं काम आहे, असं जाणकारांनी लिहिलं. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. हे वाचलं तेव्हा मी माळ्यावरून सासूबाईंची वाकळ काढली, ऊन दिलं आणि पहिल्यांदा ती नीट बघितली. इतकी वर्षं नुसतीच पांघरत होते.

आता मुद्द्यावर येते. या चित्रांनी मला काय दिलं? लोकांना वाटतं, कागदावर रंग ओतायचे, त्यात शिकण्यासारखं काय? "हे तर लहान पोरगंही काढील," असं आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले होते. मी म्हटलं, बसा, काढून बघा. बसले बिचारे. पाच मिनिटांत पाच रंग एकमेकांत कालवले आणि शेणकाल्यासारखा एकच रंग झाला. पोराचं म्हणाल तर ते मस्त काढतं, कारण त्याला बिघडायची भीती नसते. आपल्याला असते. ती भीती घालवायची आणि तरी हातावर ताबा ठेवायचा, ही खरी मेहनत.

पहिली गोष्ट शिकले ती थांबण्याची. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली की चिखल. दुसरी गोष्ट म्हणजे कधी सोडायचं ते कळणं. पाक एकतारी झाला की गॅस बंद करावा लागतो, अर्धा मिनिट जास्त झालं तर लाडू दगड होतात. चित्राचंही तसंच. "अजून एक फटकारा मारू" म्हणून मी कितीतरी चित्रं घालवली आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. चुकलेल्या जागेवरूनच पुढे जायचं. डाग पडला तर तो लपवायचा नाही, त्याला सोबत द्यायची. तीस वर्षं मी संसारात "बिघडलं तर?" या एका धाकाखाली वावरले. मीठ जास्त झालं तर, पाहुण्यांना कमी पडलं तर, लोक काय म्हणतील. कागदावर रोज काहीतरी बिघडतं आणि आभाळ कोसळत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तो धाक हळूहळू सैल झाला.

आपल्याच मातीतले वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. घराणं गोव्याचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही. रोलर आणि पॅलेट नाइफनं थरावर थर द्यायचे आणि थोडे काढून घ्यायचे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे म्हणतात. बाकीचा वेळ? बघण्यात, वाट बघण्यात. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००१ साली ते गेले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक होतं? २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावाचा अर्थच होता, चित्र म्हणजे प्रक्रिया, चित्र म्हणजे जगणं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटींवर गेलं. हा आकडा सांगितला की घरातले लगेच सरसावून बसतात. पण तो माणूस दिल्लीत साध्या जागेत राहून शांतपणे काम करत होता, तेव्हा हे कोटी कुठे होते? त्यांच्या वाट्याला आलं ते फक्त काम करण्याचं सुख. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

या पैशांवरूनच माझी एकदा चांगली परीक्षा झाली. नात्यातल्या एकांनी हायवेला हॉटेल टाकलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही ते मॉडर्न काढता ना, आम्हाला चार द्या. फक्त सोफे मरून आहेत, तेवढं जुळवा." मी हरखले. घरात भाव वधारला. यांनी स्वतः रंग आणून दिले. पंधरा दिवसांत चार चित्रं झाली, सहा हजार रुपये मिळाले. आणि मैत्रिणींनो, ते पंधरा दिवस मी पोळ्या लाटाव्यात तशी चित्रं लाटली. कागदाकडे बघायचं सोडून सोफ्याकडे बघत होते. मरून जरा निळ्याकडे झुकला की धडधड. चित्रं वाईट झाली नाहीत, अजून तिथे लटकली आहेत, लोक खाली बसून मिसळ खातात. पण पुढे दोन महिने मला ब्रश उचलावासा वाटला नाही.

नंतर अजून एकांनी मागितली, तर मी "नाही" म्हटलं. आयुष्यात इतक्या सरळ आवाजात "नाही" म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. घरचे चकित झाले. मीही झाले.

पैसे मिळवू नयेत असं मला म्हणायचं नाही. ज्या बाईला गरज आहे तिनं जरूर विकावं, आणि घासाघीस न करता पूर्ण किंमत घ्यावी. बचत गटांनी आपल्याकडे किती घरं सावरली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण हल्ली बाईनं काहीही केलं की लगेच "याचा धंदा का नाही करत?" असं म्हणतात. भरतकाम आलं, विक. लोणचं चांगलं होतं, विक. गाणं येतं, क्लास काढ. पुरुष पारावर दोन तास पत्ते खेळतात, त्यांना कुणी विचारतं का, यातून उत्पन्न काय? आपली एक तरी गोष्ट अशी असावी, जी तराजूत घालायची नाही. माझं एवढंच म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझं बरं आहे, रिकामा वेळ आहे. हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. आमच्याकडे कांदा निवडायला एक मावशी येतात. दिवसभर बराखीपाशी बसून हात काळे होतात, मग घरी जाऊन पुन्हा चूल. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू, दुपारी दोन तास चित्र काढा म्हणून? एकदा त्या पाणी प्यायला पडवीत आल्या. चित्रापुढे थांबल्या. म्हणाल्या, "वळीव यायच्या आधीचं वाटतंय, व्हय?" जे जाऊबाईंना दिसलं नाही, यांना दिसलं नाही, ते त्यांना क्षणात दिसलं. म्हणजे नजर सगळ्यांपाशी असते, वेळ मात्र सगळ्यांना मिळत नाही. तो वेळ आभाळातून पडत नाही, घरातल्या घरातच काढावा लागतो. आमच्याकडे तीन ते चार या वेळात चहा ज्यानं त्यानं आपापला करायचा, असं ठरायला मला वर्ष लागलं. भांडणंही झाली. पण ठरलं.

खर्चाचीही धास्ती नको. दुकानदार दिवाळीला कॅलेंडरं देतात, एका बाजूनं कोरी असतात. रद्दीतला पुठ्ठा चालतो. भिंत रंगवायचा जुना रोलर, गवंड्याची पुट्टीची पत्री, जुना टूथब्रश, ही माझी हत्यारं. दोन-तीन रंग पुरेत. उलट जास्त रंग असले की नवख्या माणसाचा चिखलच होतो.

आणि रंगही नसले तरी चालतं, हे नसरीन मोहमदींनी दाखवून दिलंय. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या या बाई. १९७२ पासून बडोद्याच्या कला विद्यालयात शिकवायच्या. पेन्सिल, शाई, पट्टी आणि कागद, एवढ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. फक्त रेषा, त्याही केसासारख्या बारीक. पुढे मज्जासंस्थेच्या आजारानं त्यांच्या हालचालींवरचा ताबा जायला लागला. तरी कागदावरची रेषा डळमळली नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही. १९९० साली आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं आपली नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन मोहमदींचं प्रदर्शन होतं. हात साथ देत नसताना एकेक रेषा ओढणाऱ्या या बाईंची आठवण मला फार वेळा होते. कंटाळा आला की मी पट्टी घेऊन नुसत्या रेषा मारत बसते. मन निवतं.

मात्र एक सांगते. हे औषध नाही. मन खरोखर खचलं असेल, झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांकडेच जावं, त्यात लाज नाही. आणि चित्र काढताना नेहमी आनंदच होतो असंही नाही. चिडचिड होते, कागद फाडले जातात. पण ती चिडचिड आपल्या कामाची असते, दुसऱ्याच्या बोलण्याची नसते. फरक पडतो.

आपल्या शाळांनाही माझी एक विनंती आहे. पोरांना वांगं वांग्यासारखं काढायला जरूर शिकवा, हात तयार होतो. पण आठवड्यातून एक तास असा द्या, ज्यात गुण नाहीत आणि "हे काय काढलंय?" हा प्रश्नही नाही. पोरीला लहानपणी न घाबरता बिघडवायला मिळालं, तर पन्नाशीत नव्यानं शिकावं लागणार नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्टीलच्या वाट्या आणल्या नाहीत. वाण म्हणून प्रत्येकीला एक जाड कागद, एक ब्रश आणि निळ्या रंगाची छोटी बाटली दिली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "आता हे काय नवीन?" कुजबुज झालीच. निम्म्या जणींचे रंग नातवंडांनी संपवले, एकीनं कागद कपाटात अंथरला. ते ठीकच आहे, वाण दिलं की आपलं राहत नाही.

पण महिन्याभरानं एक शेजारीण दुपारी आली. पदराआड कागद होता. दार लोटून घेतलं आणि तो माझ्यापुढे धरला. सगळा निळा, एका कोपऱ्यात मात्र पांढरं सोडलेलं. "हसू नका हं," म्हणाली, "कशाचं आहे ते मला माहीत नाही."

मी काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "अजून कागद हवाय का?"